चांदणीचा पगार



इतिहासावर बोलण्यासाठी वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही प्रथम थोडे बिचकलो. ह्या व्यासपीठावरून इतिहास सांगणारे विद्वान आपण पुष्कळ ऐकले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. कागदपत्रांची छाननी आम्हांस शास्त्रशुद्ध येते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण फाटकावर एक सवय मात्र अंगी जडली. मालकाने बक्षिसाची घोषणा केली की टाळ्या वाजवण्यापूर्वी आम्ही चार प्रश्न विचारतो : कोण देणार, कोणाला देणार, किती देणार आणि कोणाला वगळणार? आज हेच चार प्रश्न घेऊन आम्ही एका शौर्यपदकाच्या इतिहासाकडे पाहणार आहोत.

विषय सुचला तो असा. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतले एक सुरक्षा रक्षक संध्याकाळी कचेरीत आले. वय साठीच्या जवळ, अंगावर गणवेश, हातात पेन्सिली ठेवण्याचा पत्र्याचा डबा. ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवला होता आणि घरी मुलीच्या शिक्षणाचा हप्ता भरायचा होता. डबा उघडून त्यांनी विटलेल्या फडक्यातून एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. आठ टोकांचा चांदीचा तारा. मध्ये निळे वर्तुळ, त्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आणि भोवती इंग्रजी अक्षरे. वरची निळी-तांबडी फीत जीर्ण झालेली.

"भाऊ, ह्याचे किती येतील?" त्यांनी विचारले.

"कोणाचे आहे हे?"

"आजोबांचे. आजोबा बसऱ्याला होते पहिल्या लढाईत. तिथे काय केले ते कधी बोलले नाहीत. आजी ह्याला चांदणी म्हणायची. चांदणीचा पगार आला की घरात ज्वारी यायची. आजोबा गेले, पुढे पगारही बंद झाला. चांदणी तेवढी राहिली."

आम्ही तारा उलटून पाहिला. पाठीवर इंग्रजीत पदकाचे नाव आणि त्याचा दुसरा वर्ग कोरलेला होता. माणसाचे नाव मात्र कोठेच नव्हते. वर्ग आहे आणि नाव नाही, ही गोष्ट मनात रुतली. त्या रात्रीपासून आम्ही ह्या चांदणीच्या मागे लागलो.

हे पदक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली आपल्या हिंदी फौजेसाठी सुरू केलेले 'ऑर्डर ऑफ मेरिट'. लॉर्ड ऑकलंड तेव्हा गव्हर्नर जनरल होता. विलायतेतला प्रख्यात व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ सालचा. म्हणजे हिंदी शिपायाचे हे पदक त्याहून १९ वर्षांनी वडील. इंग्रज सरकारने आपल्या गोऱ्या सैनिकाच्या छातीवर शौर्याची खूण लावण्यापूर्वी एका व्यापारी कंपनीने काळ्या शिपायाच्या छातीवर ती लावली. ऐकून नवल वाटते. पण कंपनी ही कंपनीच होती, आणि ती काही फुकट करीत नसे.

त्या काळी कंपनीच्या फौजेत हिंदी शिपायाने पराक्रम केला तर त्याला द्यावे काय, हा प्रश्नच होता. बंगालच्या फौजेत बढती ज्येष्ठतेने मिळे. किती वर्षे टिकलात ते पाहिले जाई, काय केलेत ते नव्हे. शिपाई म्हातारपणी सुभेदार होई, आणि सुभेदार झाला तरी कालच आलेल्या पोरसवदा गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच राही. ही वाट न बदलता शिपायाला लढण्याची ईर्षा द्यायची कशी? ज्या कारखान्यात वरच्या जागा कामगाराला बंद असतात तेथे मालक जे करतो तेच कंपनीने केले. बढती न देता बक्षिसाची योजना काढली. दीर्घ आणि इमानी नोकरी केलेल्या हिंदी अधिकाऱ्यांसाठी 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' आणि शौर्यासाठी 'ऑर्डर ऑफ मेरिट', अशी ही जोडयोजना होती.

शौर्याच्या ह्या पदकाचे तीन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा तारा चांदीचा, दुसऱ्याचा अधिक चकचकीत चांदीचा, पहिल्याचा सोन्याचा. रणांगणात किंवा किल्ल्याच्या हल्ल्यात अथवा बचावात ज्याने उठून दिसेल असे वैयक्तिक शौर्य केले, त्याला, मग त्याचा हुद्दा कोणताही असो, तिसरा वर्ग मिळे. दुसऱ्या वर्गासाठी तिसरा आधी मिळालेला असावा आणि पुन्हा तसाच पराक्रम करावा, पहिल्यासाठी आणखी एकदा, असा मूळ नियम होता. सोन्याच्या ताऱ्यासाठी माणसाने मरणाच्या दारातून तीनदा परत यायला हवे होते.

ह्या पदकाचे वेगळेपण मात्र त्याच्या धातूत नव्हते, ते पगारात होते. मूळ नियमाप्रमाणे तिसऱ्या वर्गाच्या मानकऱ्यास नेहमीच्या पगाराच्या एक तृतीयांश, दुसऱ्यास दोन तृतीयांश आणि पहिल्यास पूर्ण पगाराइतकी जादा रक्कम मिळे. आता फाटकावरचा हिशेब मांडू या. कंपनीच्या पायदळातल्या साध्या शिपायाचा पगार महिना ७ रुपये. त्यातूनच त्याने जेवायचे आणि त्यातूनच कपड्यांसाठी पैसे कापले जायचे. सात रुपयांचा तिसरा हिस्सा म्हणजे २ रुपये ५ आणे ४ पै. दुसऱ्या वर्गाचे ४ रुपये १० आणे ८ पै. सोन्याचा तारा असेल तर ७ चे १४. कंपनीच्या वहीत शौर्याचा भाव हा असा पैपर्यंत मांडलेला होता.

हे ऐकून कोणी म्हणेल, शौर्याला पैशांत मोजणे हा शौर्याचा अपमान आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या घरी भाकरीची काळजी नसते त्यांना नुसता बिल्ला पुरतो. शिपाई हा शेतकऱ्याचा मुलगा. घरी सावकार, लहान भावंडे, पावसावरची जमीन. त्याला मिळालेले दोन रुपये पाच आणे चार पै हे त्याच्या आईच्या चुलीपर्यंत पोहोचत होते. विलायतेतल्या व्हिक्टोरिया क्रॉसबरोबरही साध्या सैनिकास सालीना १० पौंड मिळत, आणि त्याने त्या क्रॉसचा मान काही कमी झाला नाही. तेव्हा पैसे दिले ह्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार पुढच्या कलमांविषयी आहे.

त्यांतले एक कलम विधवेचे. मानकरी मरण पावला तर त्याच्या विधवेस पदकाचे वेतन तीन वर्षे मिळावे, असे मूळ नियमात होते. एकीहून अधिक बायका असतील तर प्रथम लग्नाच्या बायकोचा हक्क आधी. तीन वर्षांनंतर काय, ह्याचे उत्तर कलमात नाही. नवऱ्याचा पराक्रम कायमचा आणि बायकोचे पोट तीन वर्षांचे! अपघातात गेलेल्या कामगारांच्या घरांसाठी आमची उमर खर्ची पडली आहे. अशी कलमे कशी लिहिली जातात ते आम्ही जाणतो. लिहिणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. तो फक्त शेवटचा आकडा पाहत असतो.

कंपनी ह्या आकड्यासाठी किती हट्टाला पेटे ते १८४४ साली दिसले. परमुलखात लढणाऱ्या शिपायाला पगाराखेरीज भत्ता मिळे. सिंध प्रांत १८४३ मध्ये कंपनीने जिंकला, तेव्हा हिशेबनीसांनी म्हटले, आता सिंध आपलाच झाला, मग तेथे परमुलखाचा भत्ता कसला? म्हणजे शिपायांनी लढून मुलूख मिळवून दिला आणि त्या विजयाच्या कारणानेच त्यांचा भत्ता गेला. पलटणींनी सिंधकडे कूच करण्यास नकार दिला. बंगालची ३४ वी पलटण ह्यापायी मोडून टाकण्यात आली. आमच्या भाषेत हा संप होता आणि ही टाळेबंदी होती.

आता ह्या पदकाचे पहिले मानकरी कोण ते पाहू. कथा-कादंबऱ्यांतला वीर घोड्यावर असतो. येथे पहिला मान गेला तो कुदळ-फावडे चालवणाऱ्या सॅपर शिपायांना. अफगाणिस्तानात गझनीचा किल्ला २३ जुलै १८३९ रोजी पहाटे घेण्यात आला. बाकीचे दरवाजे आतून चिणून काढलेले होते. काबूलकडचा तेवढा राहिला होता. अंधारात बंदुकीच्या दारूची पोती पाठीवर घेऊन बंगाल सॅपर्सचे लोक त्या दरवाज्यापर्यंत गेले, पोती टेकवली, वात लावली आणि दरवाजा उडाला. हल्ला करणारी पलटण मागाहून शिरली. 'ऑर्डर ऑफ मेरिट'ची पहिली पदके ह्या कामासाठी दिली गेली आणि सुभेदार देवीसिंग ह्यांचे नाव त्यांत पहिले आहे. पोती वाहणे हे हमालाचे काम, परंतु त्या दिवशी सर्वांत मोठा पराक्रम तोच होता.

अठरा वर्षांनी असाच एक दरवाजा दिल्लीत आला आणि तेथे पदकांची फारकत उघडी पडली. तोवर व्हिक्टोरिया क्रॉस निघाला होता. विलायती फौजेसाठी तो होताच; १८५७ साली कंपनीच्या गोऱ्या सैनिकांनाही तो खुला झाला. हिंदी शिपायाला मात्र तो नव्हता. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी दिल्लीचा काश्मिरी दरवाजा उडवण्यासाठी एक तुकडी भर उजेडात निघाली. तीत गोरे होते आणि हिंदी सॅपर्सही होते. दारूची पोती त्याच पुलावरून आणि त्याच गोळीबारातून नेली गेली. पुढे दोन अधिकारी, एक सार्जंट आणि एक बिगुलवाला अशा चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी सॅपर्सना 'ऑर्डर ऑफ मेरिट' मिळाले. माधो, तिलोकसिंग, रामहेत अशी त्यांची नावे त्या दरवाज्यावरच्या शिळेत आहेत. दिल्लीस गेलात तर ती शिळा अवश्य पाहा. गोळीने त्या सकाळी रंग पाहिला नाही. रंग पाहिला तो पदकाने.

ह्याहून बोलके उदाहरण लखनौचे. तेथल्या वेढ्यातून बाहेर पडून येणाऱ्या इंग्रज फौजेस वाट दाखवण्याचे काम थॉमस कॅव्हना नावाच्या कारकुनाने नोव्हेंबर १८५७ मध्ये केले. तो शिपाई नव्हता, तरी त्याच्यासाठी नियम वाढवून मुलकी माणसालाही व्हिक्टोरिया क्रॉस देण्याची सोय करण्यात आली आणि त्याला तो मिळाला. वेषांतर करून रात्री नदी आणि पहारे ओलांडताना त्याच्या बरोबर कनौजीलाल नावाचा हिंदी माणूस होता. वाट त्याच्या पायाखालची. दोघेही सापडते तर दोघांचीही गत एकच झाली असती. पण क्रॉसच्या यादीत कनौजीलालला जागा नव्हती. गोऱ्या कारकुनासाठी नियम वाकला. काळ्या वाटाड्यासाठी तो ताठ उभा राहिला.

येथे श्रोत्यांपैकी कोणी आम्हांस अडवील आणि अडवावेच. काश्मिरी दरवाज्याच्या आत होते ते कोण? आपलेच देशबांधव. मग बाहेरून दारू लावणाऱ्या हिंदी सॅपर्सना वीर म्हणायचे का? ह्या प्रश्नाला बगल देऊन हा इतिहास सांगता येणार नाही. दरवाज्याच्या आत जे लढले त्यांनाही शौर्य होते आणि त्यांना कोणी तारा दिला नाही. मिळाला तो फास आणि तोफेचे तोंड. आम्ही स्वतः त्या दिवशी कोठे उभे राहिलो असतो हे सांगणे आज सोपे आहे, म्हणून आम्ही ते सांगत नाही. एवढेच म्हणतो : छातीतले धैर्य हे त्या शिपायाचे होते, ते कोणावर चालवायचे हे ठरवणारा मालक दुसरा होता. गिरणीत उत्तम कापड विणणाऱ्या विणकराचा हात हा विणकराचाच असतो, नफा कोणाच्या पेढीवर गेला ह्याने तो हात खोटा ठरत नाही. परंतु त्या हाताचे कौतुक करताना पेढीचे कौतुक करण्याची गरज नाही. कंपनीच्या कारणाला आमचा नमस्कार नाही. माधो आणि रामहेत ह्यांच्या पाठीवरच्या पोत्याला आहे, आणि आत मेलेल्या निनावी माणसांनाही आहे.

पुढे १८९७ साली १२ सप्टेंबरला वायव्य सरहद्दीवर सारागढीचे ठाणे पडले. ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान हवालदार ईशरसिंग ह्यांच्या नेतृत्वाखाली हजारोंच्या हल्ल्याविरुद्ध अखेरच्या माणसापर्यंत लढले. त्या सर्व २१ जणांना मरणोत्तर 'ऑर्डर ऑफ मेरिट' देण्यात आले. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. कमी सांगितली जाते ती ही, की त्या ठाण्यात एक लढाऊ नसलेला नोकरही होता आणि तोही तेथेच मेला. पलटणीच्या पटावर तो शिपाई नव्हता. तो होता नुसता चाकर. म्हणून तारे २१. ज्या गोळ्यांनी शिपाई मारले त्यांनीच चाकर मारला, पण नेमणुकीचा कागद वेगळा होता. कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार हा भेद आपल्याकडे फार जुना आहे, श्रोतेहो.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन बदल झाले. इंग्लंडच्या राजाने १९०२ साली आपल्या विद्वानांसाठी आणि सेनानींसाठी नवे 'ऑर्डर ऑफ मेरिट' काढले, तेव्हा ६५ वर्षे चालत आलेल्या आपल्या शिपायाच्या पदकाला नाव बदलावे लागले. ते 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' झाले. धाकट्याने यावे आणि थोरल्याने नाव सोडावे, असे ते झाले. दुसरा बदल १९११ चा. दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने जाहीर केले की हिंदी सैनिकांनाही ह्यापुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकेल. क्रॉस निघाल्यापासून ५५ वर्षांनी हे दार उघडले. पण त्याबरोबर सोन्याच्या ताऱ्याचा पहिला वर्ग बंद झाला आणि खालचे दोन वर्ग वर सरकवून त्यांना पहिला आणि दुसरा म्हणू लागले. आमच्या रक्षकाच्या डब्यातला 'दुसरा वर्ग' हा असा, जुन्या हिशेबाने तिसरा.

दार उघडल्यावर तीनच वर्षांत महायुद्ध आले. बेल्जममध्ये होलबेक येथे ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान ह्यांनी, मशीनगनवरचे सगळे साथी मेल्यावर, स्वतः जखमी असताना गन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक. तेव्हा शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता.

आपल्या मराठी मुलखातले जवान त्या युद्धात प्रामुख्याने गेले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. खेड्यांतून त्या सगळ्या प्रदेशाला 'बसरा' हे एकच नाव. सहाव्या पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकल्या, उपाशी राहिल्या आणि शेवटी कैद झाल्या. त्या कैदेतून पुष्कळ जण परतलेच नाहीत. युद्धाच्या अखेरीस ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीच्या वाट्याला २८ शौर्यपदके आली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर ह्या भागांतल्या कितीतरी घरांत ह्या काळाच्या खुणा अजून देव्हाऱ्याशेजारी किंवा धान्याच्या कणगीत सापडतात.

परंतु त्या युद्धात बंदूक न घेता गेलेले हिंदी लोकही हजारोंनी होते. रस्ते बांधणारे, बोजे उचलणारे, बोटी रिकाम्या करणारे. युद्धानंतर सर्व सैन्याला एक युद्धसेवापदक वाटण्यात आले. ते शौर्याचे नव्हते, केवळ हजेरीचे होते. पदक तेच, राजाचा मुखवटा तोच. सैनिकाला मात्र ते चांदीचे आणि हिंदी, चिनी, माल्टी मजूर पलटणींतल्या लोकांना कांशाचे. निदान हजेरीचे पदक तरी एका धातूचे असावे की नाही? कुदळीने खणलेल्या रस्त्यावरूनच तोफ पुढे गेली होती. गझनीला कुदळवाल्याला पहिला मान मिळाला होता. ऐंशी वर्षांनी कुदळवाल्याचा धातू उतरला.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात सापडले. तुकडीतले बाकी सगळे पडले. ते एकटे धावून गेले, हातबाँबने गन बंद केली, एकाला गोळी घातली, आणि बंदूक भरायला सवड नव्हती तेव्हा तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना पाडले. तेथेच शत्रूच्या गोळीने ते गेले. वय २२. माणगावला त्यांचा पुतळा आहे. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्यांचे काम निरोप पोहोचवण्याचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून सुरक्षित जागी आणले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनी गप्प केल्या. काम झाल्यावर बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणघोषणा दिली. राजा इंग्लंडचा, नदी इटलीची. तोंडात शब्द मात्र आपल्या मातीतले. माणूस मालकाचे कारण अंगावर घेतो, पण धैर्य आणतो ते आपल्या घरातून, हे ह्याहून स्पष्ट कसे दिसावे?

आणि मालकाचे कारण नाकारणारे धैर्य? त्याला पदक नसते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत शाही नौदलाचे हिंदी खलाशी उठले. निकृष्ट अन्न, गोऱ्या-काळ्यांच्या वेतनातला भेद आणि अपमानाची वागणूक ही त्यांची गाऱ्हाणी होती. २२ तारखेस मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी काम बंद केले आणि रस्त्यांवर गोळीबार झाला. त्यांतले कित्येक खलाशी नुकतेच महायुद्ध लढून आलेले. युद्धात दाखवलेले धैर्य छातीवर मिरवता येत होते. जेवणाच्या ताटासाठी दाखवलेल्या धैर्याबद्दल त्यांची नोकरी गेली. आमच्या चळवळीतले वृद्ध लोक ह्या दिवसांविषयी बोलत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे, हे आम्ही लहानपणी ऐकले आहे.

स्वातंत्र्य मिळाले त्या १९४७ सालीच 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' बंद झाले. २६ जानेवारी १९५० रोजी भारत सरकारने परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र स्थापन केली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली. परमवीर चक्राची आकृती केली ती सावित्रीबाई खानोलकर ह्यांनी. जन्माने त्या युरोपीय, स्वित्झर्लंडच्या. विक्रम खानोलकर ह्या मराठी सैनिकी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या येथल्याच झाल्या. त्यांनी चक्रावर चार बाजूंना वज्रे ठेवली आणि धातू घेतला कांस्य. आपली हाडे वज्रासाठी देणाऱ्या दधीचीची कथा त्यामागे आहे. मजुराचा म्हणून हलका ठरलेला धातू आता सर्वोच्च मानाचा झाला.

आमच्या चार प्रश्नांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते ह्या चक्रांच्या नियमांत आहे. रंगाचा, हुद्द्याचा भेद नाही. स्त्रियांना मज्जाव नाही. परिचारिका आणि फौजेच्या हुकमाखाली काम करणारी मुलकी माणसेही त्यांत बसतात. कनौजीलाल ह्या नियमात बसला असता. सारागढीचा चाकर बसला असता. नियम सुधारला म्हणजे वागणूक आपोआप सुधारते असे आम्ही मानत नाही, पण सुधारलेला नियम हातात असला की भांडायला पायाखाली जमीन असते.

ह्या चक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत पुन्हा एक सॅपर आहे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे पाडून अडवला होता. ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस, जखमी असताना, गोळ्यांच्या माऱ्यात राण्यांनी सुरुंग काढले, अडथळे उडवले, वाट केली आणि रणगाडे पुढे नेले. हेही काम हातांनी केलेले, जमिनीवर आडवे होऊन. गझनीच्या पोत्यापासून राजौरीच्या रस्त्यापर्यंत १०९ वर्षे. धैर्य तेच आणि काम तेच. बदलला तो एवढाच, की राण्यांनी कोणासाठी रस्ता साफ करायचा हे परक्या कंपनीच्या हिशेबनीसाने ठरवले नव्हते.

आता त्या डब्याकडे परत येऊ. रक्षकाने विचारले होते, ह्याचे किती येतील? जुन्या वस्तूंचा व्यापारी काही हजार सांगत होता. आम्ही म्हटले, "काका, हे विकू नका असे सांगण्याचा हक्क आम्हांला नाही. घर तुमचे, हप्ता तुमचा. पण आठ दिवस थांबा. तुमच्या आजोबांचा पगार सरकारने बुडवला नाही. तुमचा एका ठेकेदाराने बुडवावा, हे आम्ही चालू देणार नाही." दुसऱ्या दिवशी ४० रक्षक गणवेशात सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे उभे राहिले. आठ दिवसांचे सतरा झाले. पण तीन महिन्यांचा पगार मिळाला. हप्त्याला उशीर झाला, त्याचा दंडही भरावा लागला. चांदणी मात्र डब्यात राहिली.

नंतर एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो. डब्यात ताऱ्याखाली वहीचा एक कागद घडी करून ठेवलेला होता. त्यावर त्यांच्या मुलीने ठळक अक्षरांत पणजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि 'बसरा' एवढेच लिहिले होते. "मागे नाव नव्हते ना," ती म्हणाली, "म्हणून."

बंधुभगिनींनो, हे एवढेच काम आम्हां सर्वांना करण्याजोगे आहे. आपल्या घरात, शेजारी, आजोळी अशी एखादी चांदणी असेल, फौजेची असेल नाहीतर एखाद्या गिरणीने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेले घड्याळ असेल. ते पुसून ठेवाच. पण त्याखाली त्या माणसाचे नाव लिहा, त्याने काय केले ते लिहा, आणि त्याला काय मिळाले, काय मिळाले नाही, तेही लिहा. वर्ग कोरण्याचे काम मालक करतो. नाव लिहिण्याचे काम आपले आहे.